अँकर बोल्टचे आटे संपले तेव्हा

गोदामातील एका अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्टचे फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन हात, पूर्ण खाली आणल्यावर जमिनीला घासू लागले आहेत, आणि डाव्या बाजूला अंमळ जास्तच, अशी तक्रार ऑपरेटरने केली, तेव्हा मी नेहमीचेच उत्तर दिले: साखळीचा नट दोन फेरे आवळून घ्या. हे उत्तर मी त्या गाडीपुरते चौथ्यांदा देत होतो, हे मला त्या वेळी आठवलेसुद्धा नाही. अर्ध्या तासाने आमचा मेकॅनिक परत आला आणि म्हणाला, "साहेब, डावा नट आता फिरत नाही. बोल्टचे आटेच संपले."

आटे संपले हे ऐकून मला पहिल्यांदा नीट विचार करावासा वाटला. अँकर बोल्टवर, म्हणजे साखळीचे टोक गाडीला बांधून ठेवणाऱ्या बोल्टवर, दिलेले आटे साखळी बसवताना तिची लांबी जुळवण्यासाठी आणि पुढे थोडाफार फरक पडला तर तो भरून काढण्यासाठी असतात. आमच्याकडे मात्र तो सगळा वाव साखळीच्या झिजेने खाऊन टाकला होता आणि आम्ही प्रत्येक वेळी फोर्कची उंची बरोबर झाली एवढ्यावर समाधान मानत आलो होतो. फोर्क खाली घासणे ही तक्रार नव्हती, ती साखळी देत असलेली सूचना होती, आणि नट आवळून ती सूचना आम्ही चार वेळा पुसून टाकली होती. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत या साखळ्या मोजताना, उतरवताना आणि बदलताना जे कळत गेले ते येथे लिहीत आहे. त्यातले बरेचसे मला आधीच ठाऊक असायला हवे होते, हेही मान्य करतो.

मास्ट म्हणजे गाडीच्या पुढची उभी चौकट. साध्या दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये तेलाच्या दाबाने चालणारा सिलिंडर आतला मास्ट वर ढकलतो, आतल्या मास्टच्या माथ्यावर दोन पुल्या असतात, आणि प्रत्येक पुलीवरून एक साखळी जाते, जिचे एक टोक गाडीच्या स्थिर भागाला अँकर बोल्टने बांधलेले असते आणि दुसरे टोक फोर्क धरणाऱ्या कॅरेजला. त्यामुळे आतला मास्ट जेवढा वर जातो त्याच्या दुप्पट कॅरेज वर जाते. माल आणि कॅरेज यांचे सगळे वजन या दोन साखळ्यांवर लटकलेले असते. हायड्रॉलिक नळी फुटली तर माल एकदम खाली येऊ नये म्हणून वेग रोखणारा व्हॉल्व्ह असतो. साखळी तुटली तर तो काहीही करू शकत नाही, कारण तेल जागच्या जागी असते आणि कॅरेज मात्र मोकळी झालेली असते. एक साखळी तुटली तर दुसरी धरेल, असे म्हणून आम्ही स्वतःला धीर देत असू. ती धरेलही, पण तिच्यावर दुप्पट वजन एका झटक्यात येईल, कॅरेज तिरकी होऊन मास्टमध्ये अडकेल, आणि ती दुसरी साखळीही त्याच वयाची आणि तेवढीच झिजलेली असेल, हा हिशेब आम्ही कधी केला नव्हता.

ही साखळी सायकलीच्या किंवा मोटारसायकलीच्या साखळीसारखी नसते. तिच्यात रोलर नसतात, बुश नसतात. नुसत्या पोलादी पट्ट्या एकमेकींत गुंफून त्यांतून पिना आरपार घातलेल्या असतात, म्हणून तिला लीफ चेन म्हणतात. या साखळ्या, त्यांची अँकर-टोके आणि पुल्या यांच्यासाठी आयएसओ ४३४७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आमच्या गाडीची साखळी बीएल ६३४ या क्रमांकाची होती, आणि हा क्रमांक वाचता येतो हे मला त्याच आठवड्यात समजले: पहिला आकडा म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर इंचाच्या आठव्या भागांत, म्हणजे येथे सहा अष्टमांश इंच किंवा १९.०५ मिलिमीटर, आणि पुढचे दोन आकडे म्हणजे पट्ट्यांची गुंफण, एका कडीत तीन तर लगतच्या कडीत चार. बाहेरच्या पट्ट्यांत पिन दाबून घट्ट बसवलेली असते. आतल्या काही पट्ट्या तिच्याभोवती फिरतात. सगळी झीज या फिरणाऱ्या जागी, पिन आणि भोक यांच्यामध्ये होते. आपण "साखळी ताणली" असे म्हणतो खरे, पण पोलाद रबरासारखे ताणले गेलेले नसते. प्रत्येक सांध्यातून थोडी धातू झिजून गेलेली असते आणि ती सगळी पोकळी मिळून लांबी वाढलेली दिसते.

मोजणीचा पहिला प्रयत्न आम्ही चुकीचा केला. फोर्क जमिनीपासून जरा वर घेतले, साखळी कॅरेजच्या वजनाने ताठ झाली, गाडी बंद करून किल्ली काढली, आणि उभ्याने हात पोहोचेल अशा सोयीच्या जागी, कॅरेजच्या जवळ, मेकॅनिकने स्टीलची पट्टी लावली. सोळा पिच, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून तिच्यापुढच्या सोळाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, नव्या साखळीत ३०४.८ मिलिमीटर भरायला हवेत. ते ३०८ भरले. एक टक्क्याच्या आसपास वाढ. लीफ चेनसाठी सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा तीन टक्के आहे, काही उत्पादक दोन टक्क्यांनाच साखळी बदलायला सांगतात. दोन्ही हिशेबांनी आमची साखळी पास झाली होती. मग आटे कसे संपले?

उत्तर पुलीपाशी होते. साखळीचा सांधा झिजतो तो वजनाखाली वाकतो तेव्हा, आणि तो वाकतो फक्त पुलीवरून जाताना. जो भाग कधीच पुलीवर चढत नाही तो वर्षानुवर्षे जवळजवळ नवा राहतो. आमच्या या गाडीचे मुख्य काम ट्रकमधून माल उतरवून घेण्याचे, म्हणजे फोर्क साधारण दीड मीटर वर नेण्याचे. फोर्क दीड मीटर वर जातात तेव्हा आतला मास्ट पाऊण मीटर वर जातो आणि साखळीचा नेमका तेवढाच, पाऊण मीटरचा, तुकडा पुलीवरून पलीकडे जातो. दिवसातून शेकडो वेळा हाच तुकडा वजनासह वाकत आणि सरळ होत होता. मास्ट खाली असताना तो तुकडा पुलीच्या लगत, कॅरेजच्या बाजूला, डोक्याच्या वर असतो, आणि तेथे शिडीशिवाय मोजता येत नाही म्हणून आम्ही तेथे मोजले नव्हते. शिडी लावून मोजल्यावर डाव्या साखळीचे तेच सोळा पिच ३१४.६ मिलिमीटर भरले, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक. उजव्या साखळीचे ३११.२. अगदी टोकाजवळचा, कधी पुलीवर न गेलेला भाग मोजला तर ३०५.१. एकाच साखळीत नवी आणि निकामी अशा दोन साखळ्या होत्या. डाव्या बाजूची जवळजवळ दहा मिलिमीटरची वाढ सोळा सांध्यांत वाटली तर प्रत्येक सांध्याच्या वाट्याला जेमतेम ०.६ मिलिमीटर येते, जे डोळ्यांनी दिसणे शक्यच नाही. म्हणून "पाहून घेतली, ठीक वाटते" या शेऱ्याला साखळीच्या बाबतीत काही अर्थ नसतो.

साखळी उतरवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. डाव्या साखळीच्या पट्ट्यांची पुलीवर टेकणारी कड चपटी आणि चकचकीत झाली होती. पट्टीची उंची मूळ उंचीच्या पाच टक्क्यांनी घटली तर लांबी मर्यादेत असली तरी साखळी बाद करायची असते. मूळ उंची किती हे शोधण्यासाठी पुस्तक उघडावे लागले नाही, टोकाजवळची न झिजलेली पट्टी व्हर्नियर कॅलिपरने मोजली आणि तीच प्रमाण मानली. घट चार टक्क्यांच्या घरात होती. कारण हाताने पुली फिरवताच कळले: डाव्या पुलीचे बेअरिंग जवळजवळ जाम झाले होते. पुली साखळीबरोबर फिरण्याऐवजी साखळीच तिच्यावरून घासत जात होती. आम्ही नुसती साखळी बदलून पुली तशीच ठेवली असती तर नवी साखळीही त्याच मार्गाने गेली असती.

आता ग्रीसबद्दल, आणि हा भाग लिहिताना मला थोडी लाज वाटते. आमच्याकडे दर महिन्याला साखळ्यांना ग्रीस फासले जात असे. बाहेरून साखळी काळीभोर, तेलकट आणि उत्तम निगा राखलेली दिसे, तपासायला येणाऱ्याचेही समाधान होई. उतरवलेली साखळी रॉकेलमध्ये बुडवून ताठ केसांच्या ब्रशने घासल्यावर ग्रीसचा थर निघाला आणि पट्ट्यांच्या फटींतून लालसर पूड बाहेर आली. ही लाल पूड म्हणजे पिन आणि भोक कोरडे एकमेकांवर घासल्याची आणि आत गंज धरल्याची खूण. ग्रीस घट्ट असते. पट्टी आणि पट्टी यांच्यामधल्या, पिन आणि भोक यांच्यामधल्या बारीक फटीत ते शिरत नाही. ते वर राहते, त्यावर धूळ बसते, आणि पुढे कधी कोणी तेल घातलेच तर हाच थर ते तेल आत जाऊ देत नाही. साखळीला लागते ते फटीत झिरपू शकेल असे तेल, साधारण तापमानात इंजिन ऑइलच्या ३० किंवा ४० ग्रेडच्या जाडीचे, किंवा साखळीसाठीच बनवलेले तेल. तेही साखळी सैल असताना घालावे लागते, कारण ताठ साखळीत पिन भोकाच्या एका बाजूला दाबून बसलेली असते आणि ज्या जागी तेलाची सर्वांत अधिक गरज तीच जागा बंद झालेली असते.

डिझेल गाडीचा प्रश्न येथपर्यंत झिजेचा होता, आणि झीज मोजता येते, तिला वेळ लागतो, ती आगाऊ सांगून येते. या अनुभवाने सावध होऊन आम्ही उरलेल्या गाड्याही मोजायला घेतल्या, तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या एका गाडीने मला जास्त घाबरवले.

त्या गाडीची साखळी त्याच क्रमांकाची, वयाने कमी. पुलीलगतचे सोळा पिच ३०६.६ मिलिमीटर भरले, म्हणजे वाढ जेमतेम ०.६ टक्के. आधीच्या पद्धतीने चाललो असतो तर वहीत "उत्तम" असे लिहून पुढे गेलो असतो. मेकॅनिकच्या लक्षात आले की फोर्क जमिनीवर टेकवून साखळी सैल सोडली की ती एका ठिकाणी गुडघा वाकवल्यासारखी राहते, लोंबत नाही. सांधा आखडला होता. त्या साखळीतील पिनांच्या डोक्यांना चपट्या कडा होत्या. नव्या साखळीत या सगळ्या कडा एका रेषेत असतात, आणि येथे आखडलेल्या जागी दोन पिनांच्या कडा रेषेतून फिरलेल्या दिसत होत्या. याचा अर्थ असा की आतली पट्टी पिनेभोवती फिरायला तयार नव्हती, म्हणून पुलीवर वाकताना तिने पिनेलाच बाहेरच्या पट्टीत फिरवले होते, जेथे पिन दाबून घट्ट बसवलेली असते आणि कधीच फिरता कामा नये. एकदा ती फिरली की बाहेरच्या पट्टीची पकड गेली आणि पुढे पिन बाजूला सरकून बाहेर येऊ लागते.

साखळी उतरवली, धुतली, पुसून कोरडी केली, आणि खिडकीपाशी भिंगाखाली एकेक पट्टी पाहिली. दोन बाहेरच्या पट्ट्यांवर भोकापासून निघालेले, धनुष्यासारखे वळलेले बारीक तडे होते, आणि तिसरी एक पट्टी आरपार फुटून दोन तुकडे होऊन बसली होती. फुटलेली पट्टी जागेवर का राहिली, तर लगतच्या पट्ट्यांच्या आणि घट्ट काजळीच्या आधाराने. वरून पाहून तेथे एक रेघसुद्धा दिसत नव्हती.

तड्याचा आकार कारण सांगतो, हे मला त्या वेळी एका अनुभवी साखळी-विक्रेत्याने फोनवर समजावले आणि नंतर उत्पादकाच्या पुस्तिकेतही वाचायला मिळाले. वारंवार वजन येऊन आणि उतरून धातू थकते तेव्हा तडा भोकापासून पट्टीच्या कडेकडे, ओढीच्या दिशेला काटकोनात, बऱ्यापैकी सरळ जातो. क्षमतेहून फार जास्त वजनाने किंवा जबर झटक्याने तुटलेल्या पट्टीत धातू आधी ओढली गेलेली असते, भोक लांबट झालेले असते, शेजारच्या पट्ट्याही बिघडलेल्या दिसतात. आणि असा धनुष्याकृती तडा, जो पुष्कळदा एकाच पट्टीवर एकाहून अधिक ठिकाणी असतो, तो ताण आणि गंज यांच्या संयुक्त कामाचा असतो. बाहेरच्या पट्टीत पिन दाबून बसवल्यामुळे त्या भोकाभोवती ताण कायमच असतो, गाडी उभी असली, फोर्क रिकामे असले तरी. हे पोलाद कडक आणि उच्च ताकदीचे असल्यामुळे त्याला आम्ल किंवा ओलावा लागला की असा तडा वजन न उचलताही वाढत जातो.

आम्ल कोठून आले हे शोधायला लांब जावे लागले नाही. ती गाडी रात्री बॅटरी चार्जिंगच्या खोलीच्या तोंडाशी, मास्ट आत करून उभी राहत असे. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात शिशाच्या बॅटऱ्यांतून वायू सुटतो आणि त्याच्याबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. शिवाय दर शनिवारी गाड्या जोरदार पाण्याने आणि मळ काढणाऱ्या द्रवाने धुण्याची प्रथा होती. धुतल्यावर साखळीला तेल घालायचे हे कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हते. म्हणजे दर आठवड्याला आम्हीच फटीतले तेल धुऊन काढत होतो आणि मग गाडी आम्लाच्या हवेत नेऊन ठेवत होतो. यातले कोणते कारण किती टक्के जबाबदार, हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, आणि दोन्ही थांबवायचीच होती म्हणून ते ठरवण्याची गरजही पडली नाही.

पुढचे दोन दिवस वादात गेले. फुटलेल्या पट्टीची कडी काढून तेथे नवी कडी घालावी, बाकी साखळी चांगली आहे, असा एक प्रस्ताव आला. दुसरा प्रस्ताव होता डिझेल गाडीची फक्त डावी साखळी बदलण्याचा, कारण उजवी अजून तीन टक्क्यांच्या आत होती. एकाने पट्टीला वेल्डिंगचा टाका मारण्याचेही सुचवले. ते मी हसण्यावारी नेले, पण मनातून हादरलो, कारण काही वर्षांपूर्वी मीही कदाचित हो म्हटले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टीला दिलेली कडकपणाची प्रक्रियाच नाहीशी होते. एक कडी बदलायची तर दाबून बसवलेली पिन ठोकून काढावी लागते, आणि एकदा काढलेल्या पिनेच्या भोकाची पकड पूर्वीसारखी राहत नाही. शिवाय झिजलेल्या सांध्यांमध्ये एक न झिजलेला सांधा घातला की ताण समान वाटला जात नाही. आणि एकच साखळी बदलली तर नवी साखळी आखूड व जुनी लांब. आज नट फिरवून दोन्ही सारख्या ताणाच्या करता येतील, पण दोघींची झीज वेगवेगळ्या वेगाने होईल आणि काही महिन्यांत एकच साखळी बहुतेक भार वाहू लागेल. साखळ्यांची ताकद नेमून दिलेल्या भाराच्या साधारण पाचपट धरलेली असते, आणि अशा वादात हा "पाचपट" शब्द हमखास पुढे येतो. तो दोन्ही साखळ्या नव्या आणि समान ताणाच्या आहेत असे गृहीत धरून केलेला हिशेब आहे. झीज, असमान ताण आणि झटके या तिन्ही गोष्टी त्यातूनच वजा होत जातात. शेवटी दोन्ही गाड्यांच्या दोन्ही साखळ्या, त्यांच्या टोकांच्या पिना आणि आटे संपलेले अँकर बोल्ट बदलायचे ठरले. खर्चाला मंजुरी मिळवण्यासाठी मी लांबलचक टिपण लिहिले नाही, फुटलेली पट्टी कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर धोकादायक आहे. आम्ही गाडी सपाट जागी उभी केली, मास्ट सरळ ठेवला, फोर्क उतरवून बाजूला काढले, कॅरेज हातभर वर घेऊन तिच्याखाली दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे रचले आणि मग मास्ट हळूहळू पूर्ण खाली आणला. कॅरेज ठोकळ्यांवर टेकली, आतला मास्ट आणखी खाली गेला आणि साखळ्या आपोआप सैल झाल्या. आता वर लटकलेले, पडू शकेल असे काहीच उरले नव्हते. त्यानंतरच इंजिन बंद करून किल्ली माझ्या खिशात टाकली. स्थिर टोकाच्या स्प्लिट पिना (पाय वाकवून अडकवायच्या दुहेरी तारेच्या पिना) काढल्या, चेकनट, म्हणजे मुख्य नट हलू नये म्हणून त्यावर आवळलेला दुसरा नट, सोडला, आणि जुन्या साखळीच्या टोकाला नव्या साखळीचे टोक तारेने बांधून जुनी पलीकडून ओढत गेलो, म्हणजे नवी साखळी पुलीवरून आपोआप जागेवर आली. ही युक्ती मेकॅनिकची. डाव्या पुलीचे बेअरिंग आधीच बदलून घेतले होते. पुल्यांच्या कडाही आतून तपासल्या, कारण कड एका बाजूने खाल्लेली असेल तर साखळी तिरकी चालत होती असे समजायचे. आमच्या पुल्यांवर तसे काही नव्हते.

मध्येच एक घोटाळा होता होता राहिला. आमचा मदतनीस नवी साखळी बसवण्यापूर्वी रॉकेलमध्ये धुवायला निघाला होता, "चिकट आहे" म्हणून. तो चिकटपणा म्हणजे कारखान्यात साखळी जोडतानाच सांध्यांच्या आत पोहोचवलेले वंगण. आपण बाहेरून कितीही तेल घातले तरी इतके आतपर्यंत ते पुन्हा जात नाही. तो थांबला हे नशीब.

जोडणी करताना मी सर्वाधिक वेळ समान ताण आणण्यात घालवला. साखळीला पीळ राहिलेला नाही हे वरपासून खालपर्यंत पाहून अँकर बोल्ट सरळ ठेवले, पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर फोर्क येतील असे नट फिरवले, मग कॅरेज थोडी उचलून गाडी बंद केली आणि दोन्ही साखळ्या समोरून, बाजूला उभे राहून, एकाच उंचीवर अंगठ्याने दाबून पाहिल्या. दोन्ही सारख्याच दबल्या पाहिजेत. पहिल्या खेपेला उजवी साखळी स्पष्टपणे सैल होती. पाव-पाव फेऱ्याने ती जुळवत तीनदा हे करावे लागले. चेकनट आवळले, नव्या स्प्लिट पिना घालून त्यांचे पाय वाकवले. रिकामी कॅरेज दहा-बारा वेळा पूर्ण वर-खाली केली, पूर्ण उंचीवर ती वरच्या अडसरावर आपटत नाही याची खात्री केली, मग नेमून दिलेल्या क्षमतेइतके वजन घेऊन आधी वीतभर आणि नंतर पूर्ण उंचीपर्यंत उचलले. आठवड्याभराच्या कामानंतर ताण पुन्हा पाहिला, तेव्हा डिझेल गाडीत एका बाजूला पाव फेऱ्याची दुरुस्ती करावी लागली. नवी साखळी बसताना तेवढे होते. त्या दिवशी नट, चेकनट आणि बोल्ट यांच्यावर मिळून एक सरळ पांढरी रेघ रंगाने ओढली. आता नट कोणी हलवला तर रेघ तुटते आणि का हलवला हे वहीत लिहावे लागते.

झटक्यांचा विषय ऑपरेटरांशी बोलल्याशिवाय सुटणारा नव्हता, आणि बोलताना मलाच काही गोष्टी कळल्या. क्षमतेपेक्षा जास्त वजन आमच्याकडे क्वचितच उचलले जाई. त्याबाबत ऑपरेटर माझ्यापेक्षा सावध होते. त्रास दुसऱ्याच प्रकारात होता. वरच्या खणात माल ठेवून फोर्क बाहेर काढताना कधी फोर्क पॅलेटमध्ये किंवा खणाच्या आडव्या पट्टीवर अडकतो. ऑपरेटर खाली आणण्याचा दांडा ओढून धरतो, मास्ट खाली येत राहतो, कॅरेज मात्र अडकलेली, म्हणून साखळी सैल पडते. आणि मग कॅरेज सुटली की ती त्या सैल अंतरातून खाली पडून साखळीला हिसका देते. "असा 'खाड' आवाज आठवड्यातून एकदा तरी येतोच," असे एका ज्येष्ठ ऑपरेटरने शांतपणे सांगितले. वजन फोर्कवर असताना असा हिसका बसला तर साखळीवर येणारा क्षणिक ताण त्या वजनाच्या कितीतरी पट असतो. भरलेले फोर्क वेगाने खाली आणून दांडा एकदम सोडणे हाही त्याच जातीचा प्रकार, फक्त कमी तीव्रतेचा. आम्ही ठरवले ते एवढेच: खाली आणताना साखळी सैल पडताना दिसली की तेथेच थांबायचे, आधी वर घेऊन ती ताठ करायची, मग अडकलेला फोर्क सोडवायचा, आणि "खाड" झाले तर लपवायचे नाही, सांगायचे, म्हणजे त्या दिवशीच साखळी आणि टोकाच्या पिना पाहता येतील. सांगणाऱ्याला कोणी बोलणार नाही, हे मला दोनदा सांगावे लागले, तेव्हा कोठे पहिली नोंद आली.

तपासणीची पद्धतही बदलली. रोज सकाळी ऑपरेटर गाडी सुरू करण्यापूर्वी साखळ्यांवर नजर टाकतो: लाल पूड, सैल साखळीत वाकडा राहिलेला सांधा, बाहेर डोकावणारी किंवा फिरलेली पिन, टोकाची स्प्लिट पिन. हलत्या साखळीला हात लावायचा नाही आणि उचललेल्या फोर्कखाली डोके घालायचे नाही, हे दोन नियम प्रत्येक तक्त्यावर सर्वांत वर आहेत. तेल किती दिवसांनी घालायचे याचा आकडा मी ठरवला नाही. साखळीवर बोट फिरवून ते कोरडे निघाले तर घालायचे, आणि गाडी धुतली तर धुतल्याच दिवशी, वाळल्यावर घालायचे. पाण्याचा जोरदार फवारा मास्टवर मारणे बंद केले. लांबीची मोजणी ठरलेल्या तासांनी, शिडी लावून, पुलीलगतच्या भागात आणि टोकाजवळ अशा दोन ठिकाणी होते, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात. दोन टक्के झाले की नव्या साखळ्या मागवायच्या, तीनची वाट पाहायची नाही, हा आमचा स्वतःचा नियम. साखळी यायला लागणारा वेळ आणि आमचा आळस हे दोन्ही त्यात धरले आहेत.

डिझेल गाडीच्या नव्या साखळ्यांची अलीकडची मोजणी पुलीलगत डावीकडे ३०५.३ आणि उजवीकडे ३०५.२ अशी आली. दोन्ही बाजूंचे आकडे इतके जवळ येणे मला लांबी कमी असण्यापेक्षा जास्त समाधानाचे वाटते. नटावरची पांढरी रेघ अजून अखंड आहे. बॅटरीच्या गाडीला उभे करायला दुसरी जागा मात्र अद्याप मिळालेली नाही. ती चार्जिंगच्या खोलीपासून थोडी दूर सरकवली आहे, पंखा बसवला आहे, पण वारा उलटा असला की तेथे नाकाला अजूनही झोंबते. त्यामुळे तिच्या साखळ्या लांबीच्या भरवशावर न सोडता दर तीन महिन्यांनी पुसून, सैल करून, भिंगाखाली पाहतो. गेल्या खेपेला मेकॅनिकला एका बाहेरच्या पट्टीवर बारीक रेघ दिसली. ती पुसल्यावर गेली, तरी आम्ही त्या पट्टीवर खडूने खूण करून पुढच्या सोमवारी ती पुन्हा पाहिली.